अंगठ्याखालचा ताळा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, लेकाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. सगळा संसार होऊन गेला, हे गेले, नातवंडांची लग्नं झाली — आणि ही गोष्ट होती तिथंच राहिली. मग आता का सांगते? वय झालं म्हणून? वय काही आज सकाळी झालं नाही. खरं म्हणजे कारण मलाही माहीत नाही. तुम्ही समोर बसलात असं समजते आणि लिहिते.

माझं शिक्षण चौथी पास. लिहिताना चुकेन. चुकलं तर एक आडवी रेघ मारीन आणि खाली पुन्हा लिहीन. रेघ अशी, की खालचं वाचता येईल. छापताना रेघ दिसेल की नाही ठाऊक नाही, म्हणून जिथं खोडीन तिथं ‘खोडलं’ असंही लिहीन. ही रीत माझी नाही. पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटतं की माझीच आहे. पोरांच्या गणिताच्या वह्या घेऊन बाया माझ्याकडं येतात, म्हणतात, आजी, तुमच्या लेकासारखं, राजूसारखं वळण आमच्या पोराला लावा. आणि मी इतकी वर्षं काय म्हणत आले? — आमच्या घरात शिस्तच तशी.

शिस्त घराची नव्हती. एका पोरीची होती. चंद्राची. ती माझी नणंद.

मी शहरातली. बाप कापडाच्या दुकानात कामाला होता. चौथीपर्यंत शाळेत घातलं आणि म्हणाला, बस झालं, आता चूल शीक. पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती तेव्हा मला फुलंब्रीकडच्या एका गावात दिली. सासरी शेत होतं, गुरं होती, आणि बाईमाणूस नव्हतं. सासूबाई मी येण्याआधीच वारल्या होत्या. घरात सासरे, हे, आणि अकरा वर्षांची चंद्रा. ह्यांनी शाळा बघितली ती बाहेरून. सासऱ्यांना थोडं उर्दू यायचं — निजामाच्या वेळी पटवाऱ्याच्या दारात ताटकळून ताटकळून शिकले होते. मराठी आकडे म्हणजे त्यांना मुंग्यांची रांग. तेव्हा त्या घरात मराठी लिहिता-वाचता येणाऱ्या आम्ही दोघीच. हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

गावात मराठी शाळा नवी होती. देवळामागं एक खोली, एक गुरुजी, चौथीपर्यंतचे सगळे वर्ग एकाच खोलीत. चंद्रा चौथीत. मला आधी वाटलं, पोर आहे, गिरवत असेल काहीतरी. एक दिवस चुलीपाशी बसून ती गणितं करत होती आणि मी भाकरी थापत बघत होते. थापता थापता माझी भाकरी करपली.

ती गणितं कशी करायची ते सांगते. आधी कागदाची डावी कड बोटभर दुमडायची, घडी उघडली की समास तयार. त्यात फक्त गणिताचा आकडा, दुसरं काही नाही. उजवीकडं एक उभी रेघ. तिच्यापलीकडं कच्चं काम — हातचे, गुणाकार, सगळं तिथं. आमच्या शाळेत आम्ही कच्चं काम तळहातावर करायचो आणि मग थुंकीनं पुसायचो. ती म्हणायची, तळहात गुरुजींना देता येत नाय. मधल्या जागेत आधी काय दिलंय ते लिहायचं, मग काय काढायचंय ते, मग रीत. एकमाखाली एकम, दशकाखाली दशक, जशी गोठ्यात ज्याची त्याची दावण. आणि रीत करायच्या आधी एक अंदाज — उत्तर साधारण केवढं येईल.

एक गणित मला अजून पाठ आहे. आठशे सत्तेचाळीस मोसंबी, एकोणीस टोपल्या, सारखी वाटली तर एका टोपलीत किती आणि उरली किती? तिनं मला करायला लावलं. मी केलं. चव्वेचाळीस आली, अकरा उरली. मोठ्या तोऱ्यात पाटी तिच्यापुढं सरकवली.

“वहिनी, चव्वेचाळीस काय? शेळ्या?”

“मोसंबी की. गणितातच आहे.”

“गणितात हाय, तुझ्या उत्तरात नाय. आणि ताळा कुठंय?”

ताळा मला माहीत होता. शाळेत करायचो आम्ही — म्हणजे लिहायचो. वरचं उत्तर बघायचं आणि खाली जुळेल असा ताळा मांडायचा. बाईंना ताळा दिसला की त्या पुढं जायच्या. मी हे तिला सांगितलं, जरा हसतच सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, “मग तो ताळा कसा? ती तर नक्कल झाली.”

अकरा वर्षांची पोर. मला तेव्हा राग आला. आज म्हणाल तर — आजही थोडा येतो.

तिचा ताळा बघा. गणित झालं की ते बाजूला ठेवायचं. लगेच ताळा करायचा नाही. सकाळी शेण काढून, दूध काढून, मग बसायचं. म्हणायची, आता केलेली चूक आताच्या डोळ्यांना बरोबरच दिसती. मग डाव्या हाताचा पंजा वरच्या गणितावर ठेवायचा, झाकून, आणि उत्तराकडून उलटं निघायचं. चव्वेचाळीसला एकोणीसनं गुणलं, आठशे छत्तीस. त्यात उरलेली अकरा मिळवली, आठशे सत्तेचाळीस. मग पंजा उचलायचा. दिलेल्या आकड्याशी जुळलं तर खाली ‘ताळा’ असं लिहून दोन रेघा. नाही जुळलं तर?

नाही जुळलं तर ती पुसत नसे. हेच मुख्य आहे. शाईनं लिहिलेलं पोरं थुंकी लावून घासायची, कागदाला भोक पडेपर्यंत. चंद्रा एक रेघ मारायची — एकच, पट्टी लावून — आणि खाली पुन्हा पहिल्यापासून मांडायची. गुरुजींनी सुरुवातीला तिच्या वहीवर लाल शाईनं लिहिलं होतं, खाडाखोड टाळावी. ती त्यांना म्हणाली, “गुरुजी, पुसलं तर मी कुठं चुकले ते मला उद्या कसं कळंल?” गुरुजी भले माणूस. पुन्हा तसं त्यांनी लिहिलं नाही. पुढं पुढं तर चौथीच्या पुस्तकाबाहेरची गणितं ते तिला घालायला लागले.

त्यातलंच एक विहिरीचं. बारा माणसं एक विहीर पंधरा दिवसांत खणतात, तर तीच विहीर वीस माणसं किती दिवसांत खणतील? पहिल्यांदा तिनं सरळ मांडलं आणि पंचवीस दिवस आले. मग स्वतःच बघत बसली. म्हणाली, “माणसं वाढली आणि दिवसबी वाढले? ती काय पत्ते खेळत बसली होती का?” रेघ. दुसऱ्यांदा रीत बरोबर, पण बारा गुणिले पंधरा करताना दहा कमी धरले, साडेआठ दिवस आले. दुसऱ्या दिवशी ताळा जुळेना. रेघ. तिसऱ्यांदा नऊ दिवस. वीस नवे एकशेऐंशी, आणि तिकडं बारा पंधरा एकशेऐंशी. ताळा, दोन रेघा. एका पानावर दोन आडव्या रेघा आणि तळाशी बरोबर उत्तर. त्या वहीतलं सगळ्यात चांगलं पान ते. मला तेव्हाच कळलं होतं. मी चौथी पास होते, आंधळी नव्हते.

मी इकडचं तिकडचं सांगतेय, माझ्या लक्षात आहे. येते तिथं.

सासऱ्यांनी तिची शाळा बंद केली.

हे खोडलं. वरची ओळ वाचता येईल, तशीच ठेवली आहे. तिच्याखाली बरोबर ओळ लिहायला हवी, पण चंद्रा म्हणायची, रीत आधी, उत्तर मग. म्हणून आधी रीत लिहिते.

चौथी संपत आली तेव्हा गुरुजी एकदा घरी आले. सासऱ्यांना म्हणाले, पोरीला शहरात धाडा, पुढं शिकवा. शहागंजला चंद्राची मावशी राहत होती, तिची ना नव्हती. सासरे नाही म्हणाले नाहीत. हे नीट ऐका — नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, विचार करून सांगतो. गावातली कुणाचीच पोरगी तेव्हा पुढं गेली नव्हती, तरी ते विचार करतो म्हणाले. गुरुजी गेल्यावर चंद्रा दिवसभर कामातच होती. पाणी भरलं, कडबा टाकला, सगळं केलं, आणि तोंड असं मिटून घेतलं होतं जसं काही बोललं तर ते सांडेल.

दुसऱ्या दिवशी ती धुणं घेऊन ओढ्यावर गेली. सासरे उंबऱ्याशी बसून दावं वळत होते. मला हाक मारली.

“सूनबाई, चंद्रीची वही आण. मला ते आकडे कळत नाय. गुरुजी काय, सगळ्यांच्याच लेकरांचं गोड बोलतेत. तू शिकलेली हाईस. खरं काय ते तू सांग.”

माझ्या सासऱ्यांनी त्याआधी मला कधी काही विचारलं नव्हतं. भाकरी झाली का, एवढंच. तू सांग, असं त्या घरात मला पहिल्यांदा कुणी म्हणालं होतं. आणि मी काय केलं?

मी वही आणली. उघडली ती विहिरीच्या पानावर.

आपोआप उघडली असं म्हणायला मला किती आवडलं असतं. मी शोधून उघडली. मोसंबीचं पान त्याच्या अलीकडं होतं, स्वच्छ, एकही रेघ नसलेलं. ते मी ओलांडलं.

“हे काय?” सासऱ्यांनी रेघेवर बोट ठेवलं.

“खोडलंय.”

“चुकलं म्हणून?”

“व्हय मामा.”

“आणि हे?”

“तेबी.”

मग ते स्वतःच पानं उलटत गेले. ज्याला आकडे वाचता येत नाहीत त्याला काय दिसणार? रेघा दिसणार. पानापानावर एखादी, कुठं दोन. माणूस शेतकरी, मोडलेलं काय आणि उभं काय एवढं बघणारा. “लई चुकती पोरगी,” ते म्हणाले. पुन्हा विहिरीच्या पानावर आले. “मग डोकं हाय का नाय?”

तळाशी ताळा होता. नऊ दिवस, एकशेऐंशीला एकशेऐंशी, दोन रेघा. मला एवढंच म्हणायचं होतं की, मामा, ही चुकते पण ती चूक हिलाच सापडते, दुसऱ्या कुणाला सापडायच्या आत. एवढंच. एक वाक्य.

मी म्हणाले, “अक्षर बरं आहे. हाताला वळण आहे.”

खोटं बोलले का मी? नाही. अक्षर बरंच होतं. यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तेच मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिले. पण वही हातात धरली होती तेव्हा माझा अंगठा त्या ताळ्यावर होता. दाबून ठेवला होता. सासऱ्यांना तर वाचता येत नव्हतं — मग मी तो कुणापासून झाकत होते?

सासऱ्यांनी वही मिटून माझ्याकडं दिली आणि दावं पुन्हा हातात घेतलं.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. — हेही खोडलं. खरं असलं तरी इथं त्याचं काम नाही.

का केलं ते सांगते, आणि सरळ सांगते. ती गेली असती तर पाणी, शेण, धुणं, दळण, चूल, सगळं माझ्या एकटीवर आलं असतं. हे एक. दुसरं याहून वाईट आहे. सासरे मला शिकलेली म्हणाले होते. ती शिकून आली असती तर मला पुन्हा कुणी काही विचारलं नसतं.

त्या दिवशी ती धुणं वाळत घालत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, “वहिनी, बाबांनी वही बघितली व्हय?”

“बघितली.”

“काय म्हणाले?”

“खाडाखोड लई आहे म्हणाले.”

तिनं एक धोतर झटकलं, नीट ताणून घातलं. मग म्हणाली, “मग त्यांना ताळा दावायचा ना.”

“त्यांना ताळा कसा कळणार?”

“तुला कळतो की.”

बस. एवढंच म्हणाली. आवाजात काही नव्हतं. तिला कळलं होतं का? मी त्या तीन शब्दांवर आयुष्यभर बसून आहे आणि मला अजून सांगता येत नाही. गुरुजी उत्तर विचारायला आले तेव्हा सासऱ्यांनी त्यांना ओसरीवर चहा पाजला आणि म्हणाले, गरिबाच्या पोरीला काय करायचं पुढचं. गुरुजींनी एकदा आत बघितलं — मी दाराआड उभी होते — आणि उठून गेले.

मग चंद्राचं लग्न झालं. बिडकीनला दिली. घर बरं होतं, नवरा बरा होता. दुःखात गेली असं मी लिहिणार नाही. ते लिहून तुमच्या डोळ्यांत पाणी आणता येईल, पण ते खरं नाही. तिला हसू लवकर यायचं आणि उशिरापर्यंत टिकायचं. सासरी तिनं काय केलं? ओसरीवर गल्लीतल्या पोरांना बसवलं आणि कागदाची डावी कड दुमडायला शिकवलं. शिकवणी वगैरे नाही. भाजी निवडता निवडता. शाळा तर चौथीचीच, पण पोरं सातवी-आठवीची गणितं घेऊन यायची. स्वतःला न येणारं गणित ती पोराकडून समजावून घ्यायची आणि मग त्यालाच विचारायची, आता ताळा कसा करशील? पोराला ताळा सुचला की गणित त्याला आलं, असं ती धरायची. याहून चांगली परीक्षा मला अजून कुणी सांगितलेली नाही.

माझा राजू गणितात ढ होता. दर उन्हाळ्यात त्याला मी बिडकीनला धाडायची. पहिल्या वर्षी परत आला तो वहीत एक रेघ मारूनच आला, दाखवत होता, “आई, हे बघ, इथं मी चुकलो होतो आणि मलाच सापडलं.” मी म्हणाले, जेवायला बस. पुढं तो ओव्हरसियर झाला. पुंडलिकनगरातलं हे घर त्यानं बांधलं. मी त्यात राहते, त्याच्या वळणाचं कौतुक ऐकते आणि म्हणते, आमच्या घरात शिस्तच तशी.

माझ्या लेकाला तिनं शिकवलं. हे तुम्हाला कळतंय ना? वर्षामागून वर्षं. एकदाही चेहरा वाकडा न करता.

शेवटची भेट झाली तेव्हा ती ओसरीवरच होती. बिडकीन आता ओळखू येत नाही, चहूकडं कारखान्यांची तयारी, रुंद रस्ते. तिची ओसरी तेवढी होती तशी. एक लहान मुलगी शेजारी, हातात वही. चंद्राला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. ती मुलीला म्हणत होती, “हात ठेव वर. झाकलंस? बघायचं नाय हं. आता उलटी ये.” मी तिच्याजवळ बसले. मुलगी उठून गेली. आम्ही दोघीच. सांगायचं म्हणूनच मी गेले होते, बसमध्ये शब्दसुद्धा जुळवले होते. तिनं माझा हात हातात घेतला, अंगठा चाचपला आणि म्हणाली, “वहिनी, तुझी नखं लई वाढलीत. सुनेला काप म्हण.” मी बरं म्हणाले. चहा झाला. गाडीची वेळ झाली. मी निघाले.

परवा माझ्या पणतीनं वहीत पांढरं औषध लावून आकडा झाकला. मी म्हणाले, ते लावू नकोस, एक रेघ मार. ती म्हणाली, पणजी, हे तुला कुणी शिकवलं? मी नाव सांगितलं. घरात ते असं पहिल्यांदा सांगितलं. ती बरं म्हणाली आणि रेघ मारली, थोडी वाकडी. चंद्रा त्याआधीच गेली होती.

आता ताळा करते. तिच्या रीतीनं. वर लिहिलेल्यावर पंजा ठेवला आहे आणि उलटी निघते. बिडकीनच्या ओसरीवर पोरांच्या वह्या चाचपणारी म्हातारी. तिच्यामागं लग्न. त्यामागं ओसरीवरून उठलेले गुरुजी. त्यामागं मिटलेली वही. त्यामागं विहिरीचं पान, आणि पानावर अंगठा. मध्ये मध्ये मी बरंच काही मिळवून बघितलं — सासऱ्यांचं अडाणीपण, तो काळ, माझं वय. त्यातलं काहीही न मिळवता जुळतं. बाकी उरत नाही.

मघाशी एक ओळ खोडली होती. तिच्याखालची ओळ लिहायची राहिली आहे. उत्तर नुसतं लिहून चालत नाही, पुढं नाव लागतं.

चंद्राची शाळा मी बंद केली.